साहेबांचे चाळीस तास

"मावशी, साहेबांच्या नावापुढे सही करा," म्हणत ड्रायव्हर यशवंतने झाडू उचलला.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने त्याच्या मालकाला या सरकारी दवाखान्यात चाळीस तास झाडलोटीची शिक्षा दिली होती. पण हा तिसरा रविवार, आणि आजही यशवंतच आला होता.

सफाई मुकादम हौसाबाई वैतागली. तिने दोनदा तक्रार केली, तर वरून उत्तर आलं, 'कशाला ताणता? करून टाका सही.'

तिने झाडू काढून घेतला. "शिक्षा तुला झाली का?"

"सही नाही मिळाली, तर माझी नोकरी जाईल."

"आणि त्याने उद्या कुणाला चिरडलं, तर?" तिने हजेरीवहीत साहेबांच्या तिन्ही रविवारांपुढे 'गैरहजर' लिहिलं.

यशवंत पायरीवर जाऊन बसला. मग त्याने फोन लावला. "साहेब, तुम्हालाच यावं लागेल."

पलीकडून शिव्या आल्या, तेव्हा त्याने तेच पुन्हा सांगितलं.