शेवटच्या दोन ओळी

“ह्या शेवटच्या दोन ओळी नकोत,” शाहिस्ता म्हणाली आणि तिनं फळ्यावरच्या त्या ओळींभोवती खडूनं चौकट काढली.

उदयसिंह सरांना ती चौकट झोंबली. वर्गाला मात्र त्यांनी हसरा चेहरा दाखवला.

शनिवारचं चर्चासत्र चाललं होतं. कोल्हापूरच्या त्या कॉलेजात मराठी विभागाची पद्धतच होती तशी. एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, दोघांनी फळ्यापुढं उभं राहून एक कविता मिळून शिकवायची. कवीचं नाव तास संपेपर्यंत सांगायचं नाही. नाव कळलं की पोरं वाचायच्या आधीच हात जोडतात, असं सरांचं म्हणणं, आणि नियमही त्यांनीच केलेला. आज त्याच नियमाच्या आडोशानं त्यांनी स्वतःची कविता गुपचूप फळ्यावर चढवली होती. सोबत शिकवणाऱ्या शाहिस्तालाही त्याचा पत्ता नव्हता. तरुणपणापासून सर चोरून लिहीत आले होते, घरातसुद्धा कधी कुणाला दाखवलं नव्हतं. निवृत्ती तोंडावर आली तसं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: ही एक कविता पोरांना भावली तर लिहीत राहायचं, नाहीतर हा नाद कायमचा सोडायचा.

कविता साधीच होती. कळंब्याच्या जेलवर पहारा देणारा बाप. दिवसभर कुलपं लावून घरी आला की घरातलं एकही दार लावू देत नाही. थंडीत बायको कुरकुरते, गल्लीतलं कुत्रं चुलीपाशी येऊन झोपतं आणि पोरगा चोरांच्या भीतीनं बापाच्या अंगावर पाय टाकून निजतो. इथवर सगळं झकास चाललं होतं. एरवी बाकावर मान टाकून पेंगणारा जयसिंगपूरचा संघर्ष त्या कुत्र्याच्या ओळीपाशी चक्क मोठ्यांदा हसला होता. जाऊन त्याला मिठी मारावी असं सरांना वाटलं होतं.

आणि आता ही चौकट.

“का नकोत?” सरांनी विचारलं.

“बघा की, सर.” शाहिस्तानं ओळी वाचून दाखवल्या. “‘बाबा, तुझ्या उघड्या दारातून आजही माझ्या आयुष्यात स्वातंत्र्याचा प्रकाश येतो.’ हे पंधरा ऑगस्टचं भाषण झालं. पोरगं बापाच्या अंगावर पाय टाकून झोपलंय, तिथंच संपलं की सगळं. मग हे कोण बोलाय लागलंय मधीच?”

वर्ग हसला. सरांचे कान तापले.

“कवीला काहीतरी सांगायचं असेल,” ते म्हणाले.

“सांगून झालंय की त्याचं. झालंय, हे त्यालाच कळलं न्हाय.”

“भ्यालाय, सर, त्यो,” बाकावरून संघर्षनं भर घातली. “आमास्नी कळंल का न्हाय, म्हणून भ्यालाय.”

हुपरीची ही शाहिस्ता पहिल्या वर्षाला हजेरी द्यायचीसुद्धा तोंडातल्या तोंडात. तिला बोलतं करायला सरांनी जिवाचं रान केलं होतं. आता ती बोलत होती आणि सरांना ऐकवत नव्हतं.

“नकोत म्हणजे काय?” त्यांचा आवाज चढला. “अख्खी कविता एका बैठकीत झाली. ह्या दोन ओळींपायी मी किती डोकं फोडलंय आणि तू सरळ—”

सरांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

संघर्ष हळूच सरळ बसला. शाहिस्तानं फळ्याकडं बघितलं, मग सरांकडं, आणि तिचा खडूचा हात आपोआप खाली आला.

सरांना तिच्याकडं बघवेना. आता ही माफी मागणार, ते मनात म्हणाले. ओळी चांगल्याच आहेत, आपलंच चुकलं, असं म्हणणार आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसणार. तसं झालं असतं तर कविता फसल्यापेक्षा त्यांना जास्त लागलं असतं. त्यांनी डस्टर उचललं, वर्गाकडं पाठ केली आणि त्या दोन ओळी चौकटीसकट पुसून टाकल्या.

मग त्यांनी कविता पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. ती खरंच तिथं संपत होती, झोपलेल्या पोरापाशी. इतकी वर्षं आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. आपल्या बापाची आठवण आली. डस्टर हातात धरून ते तसेच उभे राहिले, मागं वळायचा धीर होईना.

शेजारून शाहिस्ताचा आवाज आला. माफीबिफी काही नव्हती त्यात.

“सर, आणखी कविता हायत?”