साबिराचा चहा

“जब्बारभाई, हाई घंटी परत लई ल्या. मन्हा बैलले शोभत नही, आवाज फाटेल शे.” रनाळ्याच्या हिलालनं घंटी ओट्यावर ठेवली आणि गाडी हाकली.

ही परत आलेली पाचवी. बैलांच्या घंट्या ओताव्यात तर नंदुरबारच्या जब्बार ओताऱ्यानंच, असं अख्खा तालुका म्हणायचा. पण बायकोला, साबिराला, माती देऊन दोन महिने झाले आणि एक घंटी धड उतरेना. “ती गयी, मन्हा हात बी गया,” तो म्हणायचा. भट्टी कायमची विझवायची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

साबिराही ओताऱ्याचीच लेक. बाई गुणाची, पण एक खोड भारी वाईट. हा घंटी ठोकून ऐकतोय, कानस मारतोय, पुन्हा ठोकतोय, आणि ऐन रंगात आलं की आतून चहा झाल्याची हाक, “चहा व्हयना, या!” हा कानस आपटून आत जायचा, तर चूल थंडगार! पातेलंसुद्धा चढवलेलं नसायचं. मग रागारागानं तो त्या घंटीला पुन्हा हातच लावायचा नाही; ती तशीच गिऱ्हाइकाकडे जायची. दहा-बारा वर्षं हेच भांडण.

मुलगा इद्रिस पुण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. बापासाठी साहेबांच्या हातापाया पडून त्यानं चार दिवसांकरता एक यंत्र आणलं. महायुद्ध संपल्यावर लष्करानं विकून टाकलेलं. लोखंडी पेटी, पुढे चकती. चकती फिरवावी तसा आतून निघणारा सूर वर चढत जायचा. चांगल्या घंटीचा सूर त्यात धरायचा आणि नवी घंटी त्याला मिळवायची, एवढंच इद्रिसच्या मनात होतं.

“अब्बा, आवाज येस तवलोंग हात वर ठेवा.”

जब्बारनं हात वर केला. चकती फिरू लागली. थोड्याच वेळात हात खाली आला.

“बंद का बरं करं?”

इद्रिसनं बंद केलं नव्हतं. घर नुसतं दणाणत होतं. अंगणातली शेळी कान टवकारून उभी राहिली होती. आणि घंटीचा सूर तर अजून बराच वर होता.

“अब्बा, हाई दोन महिनानं नही. ठोकी ठोकी तुम्हना कान लई वरीस पहिलेच गया.” इद्रिसनं यंत्र बंद केलं. “मंग इतला वरीस घंट्यासना सूर कोण लावे?”

जब्बार उठला. आत जाऊन चुलीपाशी बसला. राखेवर हात ठेवला आणि पोरासारखा रडू लागला.

“एक डाव बी चहा व्हयेल नव्हता रे, इद्रिस. अन् मी तिलेच बोलत ऱ्हायनू.”