उपग्रहाचं वजन

काचेच्या पेटीतलं बाळ बारा दिवसांचं झालं, तरी आईने त्याला अजून उचललं नव्हतं. शेजारी बसून ती आपल्या वर्गाचे पेपर तपासत होती. उपग्रहाचा वेग काढताना एका मुलीने त्याचं वजनही गणितात घुसडलं होतं. आईने ते लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, "हलका की जड, याने काही फरक पडत नाही. तो किती जवळून फिरतोय, ते बघ."

"सिस्टर, आज वाढलं का हो वजन?"

"कालच्याइतकंच, चौदाशे ग्रॅम." सिस्टरनी पेटी उघडली. "आज तरी घेताय छातीशी, की अजून काट्यालाच विचारायचंय?"

"थोडं अंग धरू दे, मग घेते," ती रोजचंच बोलली.

पेपर मिटताना समासातली लाल ओळ नजरेस पडली. तिने पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हात पुढे केले.