सगळं हाताशी

"अंगठा काढ, ठमे. नाहीतर तोही भिंतीवर जाईल."

तिने अंगठा मागे घेतला, पण तोवर बाबांची पेन्सिल त्याच्याभोवती फिरून गेली होती. गाळणीच्या कडेला एक टेंगूळ उमटलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेंगूळ नीट पाहिलं आणि खोडरबराने पुसून टाकलं.

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी फळी ठोकलेली होती. तिच्यावर एकेक वस्तू खिळ्याला टांगायची, पेन्सिलने तिची कड काढायची आणि मग आतली जागा काळ्या रंगाने भरायची. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बाबांनी एकतीस वर्षं हेच केलं होतं. पाना जागेवर नसला की फळीवर काळा पाना दिसायचा. कुणी नेला, एवढंच विचारायचं उरायचं.

"आता उलथणं. सरळ धर. तुझ्यासारखं वाकडं नको."

"मी वाकडी?"

"आईवर गेलीस."

ती हसली. घरून येताना तिने एक वाक्य तयार करून आणलं होतं. बाबा, तुमचं वय झालं, सोबत कुणीतरी हवं, मी इथेच राहायला येते. बसमध्ये तिने ते तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. त्यात सगळी गरज बाबांची होती. तिच्या स्वतःच्या घरात कुठलीच वस्तू कधी हरवत नसे. सकाळी ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी ओट्यावरच सापडायचा. हलवणारं कुणी नव्हतं.

"बाबा, एकट्याने हे सगळं उरकतं का तुम्हाला?"

"न उरकायला आहे काय?" बाबा खुलले. ताटं दोनच ठेवली होती, बाकीची समोरच्या काकूंना देऊन टाकली. भांडी जास्त असली की माणूस घासायचा आळस करतो. वरची फडताळं रिकामी केली, म्हणजे स्टुलावर चढायलाच नको. औषधं दात घासायच्या ब्रशाशेजारी, म्हणजे विसरायची सोय नाही. आणि मोजे सगळे करडे. "एक हरवला तरी दुसरा विधुर होत नाही."

"पण पडलात-बिडलात तर?"

"म्हणून तर पायपुसणी काढून टाकली."

"आणि अचानक काही लागलं तर?"

"उशाशी शिट्टी आहे. वाजवली की काकू हजर. एकदा वाजवून पाहिली. बाई लाटणं घेऊनच आल्या!"

प्रत्येक उत्तरासरशी तिच्या वाक्यातला एकेक शब्द गळत गेला.

"तुला माझ्यापायी धावाधाव नको, एवढंच पाहिलं बघ," बाबा ब्रश रंगात बुडवत म्हणाले. "तुझ्यामागे काय कमी व्याप आहेत?"

"आहेत ना," ती म्हणाली, आणि उलथणं सरळ धरलं.

बुधवारी सकाळी बाबा उठले नाहीत. शिट्टी उशाशीच होती.

तीन आठवड्यांनी ती घर रिकामं करायला आली. ऑफिसातून चार दिवसांची रजा काढली होती. आई गेली तेव्हा नुसतं कपाट आवरायला दोघांना आठवडा लागला होता. दर खणात काहीतरी भलतंच हाती यायचं आणि दोघं ते घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहायची. या वेळी दुपारच्या जेवणाआधी सगळं खोक्यांत गेलं. खोकी पाच झाली.

काकू दारात उभ्या होत्या. "किती सुटसुटीत माणूस गं! जाताना कुणाला म्हणून त्रास दिला नाही."

"हो ना, काकू."

"नाहीतर आमचे हे. यांचा एक खण उपसायचा तर तुला वर्ष पुरायचं नाही."

"मग बोलवा की मला," ती म्हणाली.

काकूंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या आणि उरलेली दोन ताटं पदरात पडल्यासारखी छातीशी धरून आपल्या घरी गेल्या.

टेबलावर बाबांची फाइल होती. आकडे घालून ठेवलेली, स्टोअरच्या ठाशीव अक्षरात. एक, बँक. दोन, वीज. तीन, घरमालक. प्रत्येक कागदाला कुणाला भेटायचं, काय न्यायचं त्याची चिठ्ठी टाचलेली. ती एकेक पान उलटत गेली. एखादी खाडाखोड, विसरलेलं कुठलं काम, अर्धवट सोडलेलं काहीही तिला चाललं असतं. सगळं पुरं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "किल्ली काकूंकडे दे. गर्दी व्हायच्या आत बस पकड. उरलेला दिवस तुझा."

तिने घड्याळ पाहिलं. एक वाजायला आला होता.

ती खुर्चीत बसली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. फाइल बंद करून तिने टेबलाच्या कडेला नीट लावली, मग पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. आणि आतल्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल, एवढ्या आवाजात म्हणाली,

"बाबा, सोबत मला हवी होती."