खिडकीची बाजू

चीफ इंजिनिअर मनोहर शेवटची सफर संपवून जहाजावरून उतरला आणि परदेशातल्या, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर त्याने निळ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखला. सात फूट बाय चौदा. ही त्याची आणि बायको आशालताची कॅराव्हॅन. गुहागरच्या जमिनीवर दोघं तिच्यात राहणार आणि शेजारी स्वतःच्या हातांनी छोटंसं घर बांधणार. वीज उन्हाची, पाणी विहिरीचं.

दर रविवारी मेन स्विच बंद करून ते चौकोनात राहून बघत. आशालताची कशालाच ना नव्हती. फ्रिज नको, चालेल. दिवसाला दोनच बादल्या पाणी, चालेल. खालून एलआरटी ट्रेन सळसळत गेली की तो डोळे मिटून म्हणे, "सुरूच्या बनात वारा सुटला बघ." आणि तिलाही तो ऐकू येई.

एका रविवारी त्याने बेडरूमच्या फरशीवर घरही आखलं. बिछान्यासमोर भिंतभर खिडकी, म्हणजे उठल्या उठल्या समुद्र.

आशालता खाली बसली. खिडकीची पट्टी तिने नखाने हलकेच सोडवली आणि मागच्या भिंतीच्या रेषेवर नेऊन चिकटवली.

"अगं, तिकडे नुसती पायवाट आहे, गावातून येणारी."

"तीच दिसू दे," ती म्हणाली. "समुद्राकडे बघत तेहतीस वर्षं काढली, अहो. पायवाटेने गेलेलं माणूस दिवेलागणीला घरी येतं."