शिळेवरचं वाक्य

शिळेवरचं कापड थोरल्या काकांनी स्वतः ओढलं. नवी अक्षरं उन्हात लखलखली आणि प्यो घराण्याची सत्तर माणसं मूळपुरुषाच्या थडग्यापुढे कपाळ टेकून वाकली. मिरान तेवढी उभी राहिली.

वाक्य तिनेच निवडलं होतं. मूळपुरुषाच्या काळी कोरियात लिहिताना वापरत ती जुनी चिनी लिपी वाचणारी घराण्यात ती एकटीच, म्हणून काकांना नाइलाजाने सोलला तिच्या दारी यावं लागलं. मूळपुरुषाच्या पत्रांची पेटी पुढ्यात ठेवून म्हणाले, "एखादं तेजस्वी वाक्य काढ. नव्या वंशावळीतही छापू."

तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा याच काकांनी तिला घराण्याच्या थडग्यांच्या या टेकडीवर जागा नाकारली होती. आईचा खापरपणजा कुणाचा तरी गुलाम होता, एवढं कारण त्यांना पुरलं. तीस वर्षं या घराण्याच्या श्राद्धाचं रांधून आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांची आठवण कुणी काढली नाही.

मिरानने पेटी ठेवून घेतली. पहिले दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. पळून जाऊन सापडलेल्या गुलामाच्या गालावर कसं गोंदावं, हे मूळपुरुष सुरेख अक्षरात मित्राला समजावत होता. तिसऱ्या दिवशी हवं ते सापडलं, आणि ती पोटभर जेवली.

"अर्थ सांग सगळ्यांना," आता शिळेकडे बोट करून काका म्हणाले.

"दासीच्या पोटचं मूल दासच," मिरानने सावकाश वाचलं. "बाप कुणी का असेना."

कुजबुज झाली. काका मात्र हसले. "जुनी माणसं स्पष्ट बोलायची. तुझ्या आईकडच्यांनी ऐकायला हवं होतं."

मिरानने पर्समधून एक कागद काढला. सरकारी दप्तरातल्या जुन्या शिरगणतीची छायाप्रत.

"थोरले काका, मूळपुरुषाच्या बायकोला मूल झालंच नाही. एकच मुलगा झाला, तो घरच्या दासीला. त्यांनी स्वतः तसं लिहून दिलंय. वंशावळीत आईचं नाव पुढे कुणीतरी बदललं. आपण सगळे त्याच मुलाचे."

"खोटं आहे."

"अक्षर त्यांचंच आहे. पत्रांशी ताडून बघा."

काकांनी कागद घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ वाचत राहिले. मग गुडघे धरून थडग्यापाशीच खाली बसले. सत्तर माणसांत कुणी त्यांना हात दिला नाही. मिरान डोळे भरून ते पाहत राहिली.

मागून नैवेद्याची ताटं घेऊन आलेल्या बायकांमधून थोरल्या काकू पुढे आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पोरी, नाव काय गं होतं तिचं? त्या दासीचं?"

मिरानने काकांच्या हातातून कागद परत घेतला. नाव त्यावर होतं. महिनाभर तो कागद तिच्या उशाशी होता, आणि ते वाचायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.