साहेबांचं पान

“त्या पानावर रम ठेवू नको,” भावकू ओरडला. “साहेब पीत न्हवतं.”

त्याच्या पोरानं, नागेंद्रनं, बाटली उचलली. नौदलातल्या साहेबांना रम चालत नाही, हे त्याला नवलच वाटलं. येळ्ळूरच्या त्या घरात सर्वपित्री अमावास्येला म्हाळ घातला की कावळ्यांसाठी तीन पानं स्लॅबवर जात. त्यात ज्याचं त्याचं आवडीचं. आज्ज्याला बिडी. आज्जी नागुबाई जाऊन तीस वर्षं झाली, पण तिची तंबाखू काही सुटली नव्हती. तिसरं पान साहेबांचं. त्यावर खारका घातलेल्या दुधातल्या शेवया.

साहेब एकाहत्तरच्या लढाईत पाणबुडीबरोबर समुद्रात गेले, एवढंच घरात ठाऊक होतं. भावकू तेव्हा साधा खलाशी होता. आई-बापाला तो नावानं जेवायला बोलवायचा, तिसऱ्या पानाला नुसतं ‘साहेब’ म्हणायचा. यंदा त्याचे गुडघे जिना चढायला तयार नव्हते. पानं पोराला न्यायची होती.

“आप्पा, साहेबांचं नाव सांगा की,” नागेंद्र म्हणाला. “शाळेपुढं शहीद जवानांच्या नावाचा दगड बसतोय. गावचे नसले तरी त्यांचं पहिलं घालूया.”

सांगावं तर आपल्यामागं हे पान कोण वाढणार, या भीतीनं भावकूनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

“दगडावर नगं रं,” तो शेवटी म्हणाला. “ते आपल्या पाणबुडीत न्हवतं. पाकिस्तानच्या पाणबुडीत हुतं. तिच्यावर बॉम्ब टाकणाऱ्यांत मी हुतो.”

त्या लढाईत आपली एकही पाणबुडी बुडाली नव्हती. पण हे बघायचं घरात कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

भावकूनं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत उर्दूतलं एक पत्र होतं. पाण्यावर तरंगत आलेल्या लाईफ जॅकेटमध्ये ते मेणकापडात गुंडाळलेलं सापडलं होतं. वर जमा करायचं ते त्यानं स्वतःजवळ ठेवलं, आणि सुट्टीवर आल्यावर बेळगावात एका मास्तरांकडून वाचून घेतलं. पत्र साहेबांच्या बायकोचं होतं. या ईदला तुम्ही नसाल, म्हणून मी शेवया करणार नाही. तुम्ही आलात की करीन. खारका आणून ठेवल्यात.

“त्या बाईच्या शेवया ऱ्हायल्या रं माझ्यामुळं,” म्हणत भावकू लहान पोरासारखा रडायला लागला. “माझ्या माघारी बंद करशील काय हे पान?”

नागेंद्रचा चेहरा उतरला होता. एकेक करून तो पानं वर घेऊन गेला. तिसरं त्यानं उचललं की नाही, हे डोळे पुसण्याच्या नादात भावकूला दिसलं नाही. वरून आज्ज्याला हाक ऐकू आली. मग आज्जीला. मग काहीच नाही. भावकूनं मान खाली घातली.

जिन्याच्या तोंडाशी नागेंद्र येऊन उभा राहिला.

“आप्पा, नाव काय त्यांचं?”

“कशाला? दगडावर नगं म्हटलं न्हवं?”

“दगडाचं ऱ्हाऊ दे. नाव सांगा.”

“अन्वर.”

नागेंद्र परत फिरला. थोड्या वेळानं वरून त्याचा आवाज आला.

“अन्वरसाहेब, शेवया केल्यात. जेवायला या.”